सुगंधाच्या ओट्यामागची भिंत

या, जरा जवळ सरकून बसा. कीर्तनात बुवा आख्यान लावतात ना, तसंच एक सांगते. फरक इतकाच, की हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. गेल्या फेब्रुवारीत, भाईंदर पूर्वेला, आमच्याच बिल्डिंगमध्ये.

तेही भर दुपारी.

तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट माझ्या धाकट्या भावाने, जितेंद्रने घेतला. विकणारा आत्माराम त्याच बिल्डिंगमध्ये सातव्यावर राहायला गेला होता. त्याची बायको सुगंधा माझी मैत्रीण. देवळात कीर्तनाला आम्ही मांडीला मांडी लावून बसायचो.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही सगळे गावाला गेलो होतो. परतलो, तर सुगंधा नव्हती.

"माहेरी तापाने गेली," आत्माराम म्हणाला.

माणूस गेलं की त्या जागी दिवा ठेवतात, पीठ पसरतात. गेलेल्याचं पाऊल त्यात उमटतं म्हणे.

"दिवा कुठे ठेवलास रे?" मी विचारलं.

"गावाला केलं सगळं, ताई."

तिसऱ्यावरच्या त्याच्या किचनला मात्र नव्या टाइल्स लागल्या होत्या.

फ्लॅट विकताना त्याने जितेंद्रला बजावलं, "बाकी काय वाटेल ते तोड. किचनच्या टाइल्स ठेव."

पण आमची भावजय संजना ऐकते होय! "असल्या चॉकलेटी टाइल्स? किचन आहे की बाथरूम?"

झालं. नाथा मिस्त्रीने ओट्यामागची पहिली टाइल काढली.

मागची भिंत... काळीकुट्ट.

दुसरी. तिसरी. वरपर्यंत नुसती काजळी. आणि काजळीत बोटांनी ओरबाडलेल्या रेघा... खिडकीकडे जाणाऱ्या.

ताप? कसला ताप...

जितेंद्रचा चेहरा पांढरा पडला. "ताई, सान्वीला घेऊन इथे राहायचंय मला. पोरीला काही होणार नाही ना?"



दोन वाजता नाथा आणि मजूर जेवायला गेले. मी दाराला कुलूप लावून जितेंद्रसोबत माझ्या घरी आले. लगेच सेक्रेटरी दिपेशभाईंचा फोन.

"रसिकाबेन, दो से चार तोडफोड बंद, मालूम है ना? ठोकठोक थांबवा."

"अहो, किल्ली माझ्या हातात आहे!"

तेवढ्यात मलाही ऐकू आलं...

ठक. ठक. ठक.

जितेंद्रला घेऊन धावले. कुलूप काढलं. आवाज बंद.

आत कुणी नाही. उरलेल्या सगळ्या टाइल्स खाली उतरवलेल्या. एकही फुटलेली नाही.

आणि पांढऱ्या धुळीत... पावलं.

भिंतीपासून निघालेली. अनवाणी. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली.

तो पाय मी ओळखते. कीर्तनात कितीदा माझ्या गुडघ्याला लागायचा.

मी हात जोडले. "सुगंधा, पोरीला हात लावू नकोस गं. तुझं भांडण आमच्याशी नाही."

पावलं दाराबाहेर गेली होती. जिन्याकडे.

खाली नाही... वर.

आम्ही मागोमाग चढलो. चौथा. पाचवा. सहावा. सातव्यावर, आत्मारामच्या दाराशी संपली. मी बेल दाबली.

"काय ताई, भर दुपारी?" तो हसत होता.

त्याच्या मागे चकचकीत लादीवर तीच पांढरी पावलं... किचनकडे जाणारी.

"आत्माराम, ओट्यामागच्या टाइल्स काढल्या आम्ही."

त्याचं हसू गळून पडलं. तेवढ्यात त्याच्या किचनमधून...

ठक.

"कोण आहे?" तो वळला, आत गेला. किचनचं दार मागून आपोआप लागलं.

मग ती किंकाळी. विठ्ठला... तशी कुणाच्या वाट्याला न येवो.

जितेंद्रने खांद्याने धडका मारून दार तोडलं. गॅस बंद. धूर नाही, जाळ नाही. आत्माराम खिडकीखाली पडलेला. दोन्ही तळवे भाजून कोळसा.

तो वाचला. पण एक शब्द बोलत नाही. भिंतीला टाइल्स दिसल्या की थरथर कापतो.

मी तिसऱ्या मजल्यावर दहा दिवस दिवा ठेवला, पीठ पसरलं. पीठ तसंच राहिलं, स्वच्छ. सान्वी तिथे आनंदात आहे. सुगंधाने माझं ऐकलं.

पण ती पावलं वर गेली. खाली येताना कुणालाच दिसली नाहीत...

आत्मारामला गावाला नेलं, सातव्यावरचं घर आता बंद असतं. दुपारी दोननंतर आतून आवाज येतो. दिपेशभाई हल्ली कुणाला फोन करत नाहीत.

माझं एक ऐका. संध्याकाळी देवापाशी दिवा लावाल, तेव्हा एकदा सुगंधाचं नाव घ्या. आणि कुणी विचारलं, तर माहेरी तापाने गेली असं सांगू नका.