कोणता ‘सर’?

“सर, सर सापडत नाही.”

टंकलेखिका दारातच उभी होती. शब्दकोश कार्यालयाचा शिपाई खुदकन हसला. “सर तर समोर बसलेत की!”

मुख्य संपादक हसले नाहीत. त्यांना सगळे सरच म्हणत. “दुपारी नव्या आवृत्तीची पानं छपाईला जायची, आणि आज शब्दाच्या चिठ्ठ्या गायब? त्या इंग्रजी शब्दावाचून कोश अडत नाही म्हणा. पण चोरी ती चोरी. कपाटाची किल्ली हिच्याकडे असते.” मग ते मुद्रितशोधक बाईंकडे वळले. “हिची पिशवी तपासा. आणि बाराच्या आत हिचा राजीनामा माझ्या टेबलावर हवा.”

या बाईंना कार्यालय भिंगमावशी म्हणे. ओळीतून निसटलेला अनुस्वार त्या लांबूनही पकडत. त्यांनी पिशवी उपडी केली. डबा. आईच्या गोळ्या. अर्धवट विणलेला मोजा. सुई निसटली, टाके भराभर उसवत गेले. टंकलेखिका मान खाली घालून लोकर गोळा करत राहिली.

मावशींचे कान तापले. अकरा वर्षांची सोबत, आणि आपण हिच्या आईच्या गोळ्या चाचपतोय!

त्या तिला कपाटाशी घेऊन गेल्या.

“‘सर’च्या चिठ्ठ्यांच्या गड्ड्या किती होत्या?”

“चार. मोत्यांचा सर, पावसाची सर, सरदारातला फारसी सर म्हणजे डोकं, आणि आपण हाक मारतो तो इंग्रजी सर. चौथी नाहीये.”

“कपाटाची दुसरी किल्ली?”

“सरांकडे.”

“चौथीला शेवटचा हात कुणाचा लागला?”

“माझाच. परवा एक चिठ्ठी घातली मी तिच्यात.”

“कसली?”

ती घुटमळली. “पहिल्या आवृत्तीत सरांनी लिहिलंय, इंग्रजी सर फारसीतून आला, म्हणजे डोकं. तसं नाहीये, मावशी. तो लॅटिनमधून, फ्रेंचच्या वाटेनं आलाय. मूळ अर्थ, वयानं मोठा. तीनदा ताडून पाहिलं, मग लिहिलं. टाइप करणारीनं असं लिहू नये का?”

“सकाळी सरांना काय म्हणालीस? शब्दन् शब्द सांग.”

“‘सर, सर सापडत नाही.’ बस्स. गड्डी कोणती ते सांगणार, तेवढ्यात पिशवीवर आले.”

मावशी थबकल्या. सापडत नाही. ना हरवला, ना हरवली.

सरांच्या खोलीत त्या बसल्या नाहीत. मागोमाग टंकलेखिकेनं येऊन लिहिलेला राजीनामा टेबलावर ठेवला.

“सर, ‘सापडत नाही’ यातून लिंगसुद्धा कळत नाही. मोत्यांचा की पावसाची, हे आम्हालाही कपाट उघडून बघावं लागलं. तुम्ही खुर्चीतून उठला नव्हतात, तरी म्हणालात, त्या इंग्रजी शब्दावाचून अडत नाही. चारांतली कोणती, हे तुम्हाला कसं कळलं?”

सर टेबलावरची पानं उगाच सारखी करू लागले.

“दुसरी किल्ली तुमची. चिठ्ठीत दाखवलेली चूकही तुमची. गड्डी गेली की जुनाच मजकूर छापून निघेल, आणि ही गेली की विचारणारं कुणी उरणार नाही. असंच ना?”

सरांनी कोटाच्या खिशातून गड्डी काढून टेबलावर ठेवली. “चाळीस वर्षं भाषणांतून तेच सांगत आलो. हिनं दोन ओळींत... हिला तोंड दाखवायची लाज वाटली हो. म्हणून हिलाच घालवत होतो.”

“तुम्ही स्वतःला डोकं समजत होतात,” मावशी म्हणाल्या. “आम्ही तुम्हाला वडीलधारे म्हणत होतो. ते काय कमी होतं?” मग त्या टंकलेखिकेकडे वळल्या. “पण मी कोणत्या तोंडानं बोलू? पिशवी माझ्याच हातांनी उपडी झाली. मी ‘नाही’ म्हणू शकले असते.”

टंकलेखिका खोलीतल्याच टंकयंत्राशी जाऊन बसली. तिनं कोरा कागद चढवला. “पानं जायला अर्धा तास आहे. सांगा.”

‘सर’ तिनं म्हटलं नाही.

ते उभ्यानंच सांगू लागले. “पहिल्या आवृत्तीत या शब्दाबाबत एक चूक राहून गेली होती...”

यंत्र थांबलं. “राहून गेली होती, की कुणी केली होती?”



“मी केली होती,” ते म्हणाले. “ती आमच्या टंकलेखिकेनं दुरुस्त केली.”

तिनं ते जसंच्या तसं टाइप केलं. त्यांनी टेबलावरचा तिचा राजीनामा उचलला. “हा फाडतो.”

“नको.” तिनं तो त्यांच्या हातातून काढून घेतला, नीट घडी घातली. “राहू द्या माझ्याकडे. घरी जाऊन ठरवते.”

ती निघाली, तेव्हा दोघांपैकी एकालाही मान वर करवली नाही.