शेवाळाचा उडालेला रंग

“माझ्या मैत्रिणीनं मला बुडवलं!” खुर्चीत टेकायच्या आतच मलमवाली म्हणाली. “बरणीतलं लाल शेवाळ पळवलं आणि पांढरं काहीतरी भरून ठेवलं.”

गुप्तहेरबाईंनी आपल्या यजमानांकडे पाहिलं. ते चपला घालायलाही लागले होते.

मलमवाली आणि तिची मैत्रीण घरच्याच एका खोलीत मलमं बनवत. समुद्रातलं लाल शेवाळ वाटून थंड पाण्यात भिजवायचं आणि तो गुलाबी गर मलमात घालायचा. काल भरलेली बरणी सकाळी तिथल्या फ्रिजमध्ये बेरंग दिसली.

“काल शेवटी तीच गेली,” मलमवाली म्हणाली. “मी तिला फोनवर नको नको ते बोलले.”

तिघं मलमवालीच्या घरी पोचले. फ्रिजखालचं पायपुसणं ओलंचिंब होतं.

“रात्री वीज गेली होती,” मलमवालीनं खुलासा केला.

बाईंनी बरणी तिरकी केली. आतलं हललंच नाही.

“अय्या! हे तर पातळ होतं!”

“खळ भरली असेल,” यजमान म्हणाले.

“अहो, खळीला समुद्राचा वास येतो का?”

तेवढ्यात मैत्रीण आली. रडून डोळे सुजले होते. “हिच्या सासूबाईंची कातडी आजारपणात सोलवटली, त्यांच्यासाठी आम्ही पहिलं मलम केलं. ते काम मी बुडवीन?”

बाई एकट्याच स्वयंपाकघरात गेल्या. तिथं सासूबाई दूध तापवत होत्या. “आजी, बरणीला कुणी हात लावला का?”

“मला काय ठाऊक? मी त्या खोलीत जातच नाही. पण घट्ट झालं म्हणून टाकू नका म्हणावं.”

बाईंनी थोडं सुकं शेवाळ मागून घेतलं, वाटून भिजवलं आणि सगळ्यांना शेगडीपाशी बोलावलं. भांड्यातला गुलाबी गर तापला, तसा रंग उडाला. निवल्यावर तो थिजून बसला.

“म्हणजे चोरी झालीच नाही?” यजमान.

“नाही. बरणीत तेच शेवाळ आहे, फक्त तापवलेलं. वीज गेली, फ्रिजमधला बर्फ वितळला. नासू नये म्हणून दुधासारखं तापवावं, हे रोज दूध तापवणाऱ्यालाच सुचणार. आणि ते घट्ट झालंय, हे फक्त आम्हा तिघांनाच माहीत होतं. आजी, तुम्हाला कसं कळलं?”

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. “पहाटे फ्रिजखाली पाणी दिसलं. वाटलं, पोरींची मेहनत वाया जाईल. रंग गेला तशी माझी बोबडीच वळली. अगं, तुमच्या मलमानं मला सुखाची झोप लागली. त्याची थोडी उतराई व्हावी म्हणून गेले, आणि भलतंच करून बसले.”

“आई, आमच्यासाठी उठलात ना तुम्ही?” सुनेनं त्यांना जवळ घेतलं. मग ती बाईंकडे वळली. “तुमचे उपकार कसे मानू? मी तर माणूसच गमावून बसले होते.”

मैत्रिणीनं पिशवी उचलली आणि ती दाराकडे निघाली.

मलमवाली आडवी आली. “तुला हवं ते बोल मला, पण जाऊ नकोस.”

“जातेय कुठं? शेवाळ आणायला निघालेय. मलम उद्या द्यायचंय ना?”

मलमवालीनं तिचा हात दोन्ही हातांत धरला.