दोन जीबीचा ओटा

निहिराचा नवा संगणक रुमालासारखा घडी घालून खिशात जायचा आणि उलगडला की लगेच सुरू व्हायचा. स्वरदाचा लॅपटॉप म्हणजे आईचा कॉलेजातला. तो सुरू होईपर्यंत गॅसवरचं दूध उतू जायचं.

उद्या शाळेच्या गच्चीवरून हवामानाचा फुगा सुटणार होता. वर जाता जाता तो तापमान कळवणार आणि प्रत्येकाने आपल्या संगणकावर त्याचा आलेख काढायचा. ज्याचा संगणक अडकेल, त्याने शेजारच्याच्या पडद्यात बघायचं.

"माझ्यात बघ ना," निहिरा म्हणाली होती. अगदी प्रेमाने. म्हणून तर जास्त झोंबलं.

सोसायटीच्या वाचनालयात गुणाजी नावाचा जुना यंत्रमानव होता. लॅपटॉप उचलून, आईला घेऊन स्वरदा त्याच्याकडे गेली.

"याच्यात लिनक्स घालू," तो म्हणाला. "लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम (संगणकाचा सगळा कारभार सांभाळणारी आज्ञावली) आहे. फुकट मिळते. पण ती घालताना आतलं जुनं पुसलं जाईल."

"थांबा!" आई पुढे झाली. "आधी माझे फोटो उतरवून घ्या. ही रांगत होती तेव्हाचे दुसरीकडे कुठेच नाहीत."

फोटो उतरवले. ते उघडतायत ना, हे आईने स्वतः पाहिलं, तेव्हा कुठे लिनक्सचा पेन ड्राइव्ह लागला.

पडद्यावर प्रश्न आला, डेस्कटॉप (डोळ्यांना दिसणारी मांडणी) कोणता हवा? "हा साधा घे," म्हणून गुणाजी पुस्तकं लावायला वळला. स्वरदाने पटकन दुसराच निवडला. त्यात खिडक्या लाटेसारख्या उलगडायच्या. अगदी निहिराच्यासारख्या!

लिनक्स बसलं. लाट आली, अर्धीच. मग पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजला.

"तुमचं लिनक्सच भंगार आहे, गुणाजीकाका!"

"स्वरदा, नीट बोल," आई म्हणाली.

गुणाजीने पडदा पाहिला. रागावला नाही. आईला म्हणाला, "तुमच्या ओट्यावर जागा किती?"

"कसली जागा? पोळपाट ठेवला की परात खाली ठेवावी लागते."

"तसंच आहे हे. रॅम (काम चालू असताना सामान मांडायची जागा) म्हणजे ओटा. डिस्क म्हणजे सामान साठवायचं फडताळ. याचा ओटा दोनच जीबीचा आणि स्वरदाने त्यावर आधी फुलदाण्या मांडल्या. आता कणीक कुठे मळायची? मग लिनक्स एक भांडं फडताळात टाकतं, दुसरं काढतं, परत तेच. सगळा वेळ येरझाऱ्यांत जातो."

"म्हणजे लिनक्स हळू नाही?"

"नाही. मांडणी जड आहे. लिनक्स तेच ठेवून मांडणी बदलता येते."

स्वरदा खाली बघत पुटपुटली, "मला हे निहिराच्यासारखं दिसायला हवं होतं."

"मलाही बी विंगच्या नव्या यंत्रमानवासारखं हवंय," गुणाजी म्हणाला. "तो जिने चढतो. मला चाकं. फार राग येतो मला त्याचा."

"मग काय करता?"

"त्याच्याकडे पाठ करून पुस्तकं लावतो."

स्वरदाला खुदकन हसू आलं. तिने स्वतःच साधी मांडणी बसवली. एक करडी पट्टी आणि मोजकी चिन्हं. दिसायला कुरूपच! पण बाण सुसाट पळत होता.

दुसऱ्या दिवशी फुगा सुटला. निहिराच्या पडद्यावर ढगांतून रंगीत फुगा तरंगू लागला. स्वरदाच्या पडद्यावर नुसती बारीक रेघ. स्वरदा निहिरावर जळली. पण रेघ अडकली नाही. फुगा वर चढत होता, गारठा वाढत होता, आणि रेघ खाली उतरत होती. स्वरदा टक लावून बघत राहिली. शेजारच्या रंगांकडे बघायला तिला सवडच मिळेना.

शेवटी निहिराच वाकून बघू लागली. "ए, मावशीचा जुना लॅपटॉप आमच्या माळ्यावर पडलाय. तोही असा चालेल का गं?"

रेघेवरची नजर न काढता स्वरदाने विचारलं, "रॅम किती आहे त्यात?"

"काय माहीत!"

"घेऊन ये. आपण दोघी बघू."