बिळातली गुंडी

रविवारी दुपारचं जेवण उरकलं की शिंपीकाका गुंडीच्या गळ्यात पट्टा अडकवायचे आणि वस्तीबाहेरच्या टेकडीकडे निघायचे. बायकोला जाऊन दोन वर्षं झाली होती, पण हा नेम मोडला नव्हता. गुंडी मुळात बायकोचीच. पांढरी, एका डोळ्यावर तपकिरी ठिपका, टेरियर जातीची. मूर्ती लहान आणि अंगात उचापती भारी. जमिनीखाली उंदीर हलला तरी तिला वरून कळायचं.

त्या रविवारी निघतानाच मुलीचा फोन आला.

"बाबा, धुकं आहे म्हणे तिकडे. एकटे नका ना जाऊ."

"एकटा कुठे? गुंडी आहे की."

मुलगी हसली नाही. काकांनी फोन ठेवला.

टेकडीवर खरंच धुकं होतं. चार पावलांपलीकडचं झाड दिसेना. ओल्या मातीचा आणि कुजक्या पानांचा वास सुटला होता. एरवी दोन-चार माणसं तरी भेटायची, आज चिटपाखरू नव्हतं. काकांनी सवयीप्रमाणे पट्टा सोडला. गुंडी नाक जमिनीला लावून धावली आणि कातळाखालच्या एका बिळात सरळ घुसली. तिची शेपटी आत गेली आणि थोड्या वेळाने तिचं भुंकणं जमिनीतून येऊ लागलं.

"गुंडी! बाहेर ये बघू!"

भुंकणं खोल खोल जात राहिलं. काका गुडघ्यांवर बसले, बिळात खांद्यापर्यंत हात घातला. नुसती गार माती. घसा बसेपर्यंत त्यांनी हाका मारल्या. एवढ्यात पोटरीला काहीतरी ओलसर लागलं. मागे गुंडी बसली होती. डोळ्यावर तोच ठिपका, पंजे मातीने माखलेले.

काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी तिला उचलून छातीशी धरलं.

आणि बिळातून भुंकणं आलं.

गुंडीचंच. तेच तोकडं, चिडकं भुंकणं, मध्येच घशात अडकणारं. हातातली गुंडी शांत होती. कानही हलवत नव्हती.

"कोण आहे...?" काका पुटपुटले. स्वतःच्या प्रश्नाचं त्यांनाच हसू आलं.

तेव्हा बिळातून माणसाचा आवाज आला. खोलवरून, दमलेला.

"गुंडे... चल गं. घरी चल."

तो आवाज काकांचा होता.

भुंकणं थांबलं. मालक दिसल्यावर कुत्रं जसं लाडाने कुंईकुंई करतं, तसं कुणीतरी आत करू लागलं. मग पावलं. जमिनीखालून टेकडीच्या उताराकडे जाणारी, हळूहळू विरणारी. कुत्री काखोटीला मारून काका धुक्यात वाट फुटेल तिकडे पळाले. दोनदा वाट चुकली. वस्तीत पोचले तेव्हा दिवे लागून गेले होते.

तळमजल्यावरच्या नर्सबाई ड्युटीवर निघाल्या होत्या. काकांना पाहून त्या दारातच थबकल्या.

"अहो काका, पुन्हा बाहेर कधी गेलात?"

"पुन्हा...?"

"तासाभरापूर्वी वर गेलात ना, गुंडीला घेऊन? बऱ्याच दिवसांनी शीळ घालत होतात. बरं वाटलं ऐकून."

शीळ काकांनी दोन वर्षांत घातली नव्हती.

"माझ्याकडे किल्ली..." त्यांनी खिसा चाचपला. किल्ली होती.

"किल्ली कशाला? बेल वाजवलीत तुम्ही, जिन्यातून ऐकू आलं. आतून दार उघडलं कुणीतरी. मला वाटलं, मुलगी आली असेल." बाईंनी काकांच्या हातातल्या कुत्रीकडे पाहिलं आणि त्या घाईघाईने निघून गेल्या.

काका एकेक पायरी चढले. तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या दाराखालून उजेडाची पट्टी येत होती. आत नखं फरशीवर टकटकत होती. दोन वर्षं बंद असलेलं बायकोचं शिवणयंत्र चालू होतं आणि कुणीतरी दबक्या आवाजात बोलत होतं. घरात माणसं असली की येतो तसला आवाज. तो काकांनी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता.

किल्ली लावायला हात उचलेना. ते पायरीवर बसले. कुत्री मांडीवर होती. तिचं अंग गार होतं, आणि आता तीही दाराकडे टक लावून पाहत होती.

काकांना एकदा वाटलं, खाली जावं, मुलीला फोन करावा. पण तिला सांगणार काय? की आईच्या यंत्राचा आवाज येतोय? आणि उठून निघालो तर तो आवाज बंद होईल, याचीच त्यांना जास्त भीती वाटत होती.

आतलं यंत्र थांबलं.

"अहो," बायको म्हणाली, "दारात कोण बसलंय, बघा हो जरा."

खुर्ची सरकली. पावलं दाराकडे येऊ लागली.