पूर्णांकाचा खण

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या वसाहतीत मृणाल टिपणीस तिसऱ्यांदा तीच विनंती घेऊन दाभोळकरांसमोर उभी होती. ती तिथली संगणक अभियंता, ते वसाहतीचे प्रमुख.

"सर, श्वसनप्रणालीच्या प्रोग्रॅममध्ये कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारी आज्ञावली, इशारे देतोय. आधीच्या लोकांनी ते दिसूच नयेत अशी सोय करून ठेवलीय."

"इशारे की चुका?"

"इशारे."

"मग प्रोग्रॅम चालतोय. तीन वर्षं चालतोय. त्याला मी हात लावू देणार नाही."

मृणाल जागची हलली नाही. भूवैज्ञानिक अनंत केळुसकर महिनाभर डोकेदुखी आणि धाप लागण्याची तक्रार करत होते. हवामापक सगळं ठीक दाखवत होता, म्हणून डॉक्टरांनी 'मानसिक ताण' असं लिहून त्यांना टोकाच्या खोलीत एकट्याने विश्रांती घ्यायला लावली होती. तिथे ते आणखीच खालावले होते.

"एक तरी इशारा ऐका," ती म्हणाली. "कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या फंक्शनचा प्रोटोटाइप कुठेच दिलेला नाही."

"म्हणजे?"

"ते फंक्शन कसलं उत्तर देणार, हे कंपायलरला आधी सांगितलेलंच नाही. अशा वेळी हा जुना कंपायलर उत्तर पूर्णांकातच येणार असं गृहीत धरतो. फंक्शन मात्र दशांशात उत्तर देतं. प्रोसेसरमध्ये दोन्हींचे खण वेगळे. उत्तर एका खणात पडतं आणि प्रोग्रॅम दुसऱ्याच खणातून उचलतो."

"मग आकडे वेडेवाकडे आले असते," दाभोळकर वैतागले. "तो बघ कार्बन डायऑक्साइडचा मापक. दोन. माणसं जमली की वाढतो, गेली की उतरतो. चारच्या वर गेला की पंखे वेग घेतात. आणखी काय हवंय तुला?"

मृणाल भिंतीवरच्या मापकाकडे बघत राहिली. "सर, जरा बाहेर जाता?"

ते कुरकुरत दाराबाहेर गेले. आकडा त्याच क्षणी एक झाला. ते आत आले. दोन.

"हवा अशी क्षणात स्वच्छ होत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "ते फंक्शन वापरण्याच्या जरा आधी प्रोग्रॅम दारावरच्या गणकाला विचारतो, खोलीत माणसं किती. तो आकडा पूर्णांकाच्या खणात तसाच पडून राहतो आणि प्रोग्रॅम तोच हवेचा म्हणून उचलतो. तीन वर्षं आपण हवा मोजलेलीच नाही. माणसं मोजतोय."

दाभोळकर मापकाकडे वळले. "म्हणजे एकट्या माणसाच्या खोलीत…"

"कायम एक. पंखे कधीच वेग घेत नाहीत."

परवानगीसाठी ती थांबली नाही. प्रोटोटाइपची एक ओळ लिहून तिने प्रोग्रॅम पुन्हा चढवला. या खोलीचा आकडा साडेतीन आला. टोकाच्या खोलीचा नऊ पूर्णांक दोन.

केळुसकरांना दोघांनी काखेत हात घालून बाहेर आणलं आणि मार्गिकेतल्या मोठ्या पंख्याखाली बसवलं. अर्ध्या तासाने त्यांची नजर स्थिरावली. मृणालने त्यांना सगळं सांगितलं. दाभोळकर माफी मागू लागले, तसं केळुसकरांनी त्यांना हातानेच थांबवलं.

"असे इशारे आणखी किती आहेत?"

"चारशे अकरा," मृणाल म्हणाली.

"कशाकशात?"

"पाणी, उष्णता, बाहेरची दारं. सगळ्यात."

केळुसकर दाभोळकरांकडे बघत राहिले. दाभोळकरांनी बाजूची खुर्ची ओढली आणि बसले.

"वाच," ते मृणालला म्हणाले. "पहिल्यापासून."