जाड काचांचा चष्मा

चष्मेवाल्याला चारचौघांत रडणाऱ्या माणसांचा तिटकारा होता, आणि रडून झाल्यावर चित्रं काढत बसणाऱ्यांचा तर त्याहून जास्त. पण बायको गेल्यापासून तो धड जेवत नव्हता. मुलीने हट्टच धरला, म्हणून रविवारी दुपारी तो एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून बसला.

तिथली पद्धत अशी, की आपल्या गेलेल्या माणसाचा चेहरा आपण फक्त सांगायचा. काढायचा बाकीच्यांनी, सगळ्यांनी मिळून एकाच कागदावर. "एकट्याला पेलत नाही ना," वर्ग चालवणाऱ्या बाई म्हणाल्या. त्या निवृत्त नर्स होत्या, आणि चित्रकलेतलं त्यांना सुईच्या टोकाइतकंही कळत नसावं. भिंतीवर लटकवलेले चेहरे म्हणजे नुसते बटाटे होते. त्यातल्या एका बटाट्यासमोर उभा राहून बेकरीवाला आपल्या मेलेल्या भावाशी गप्पा मारत होता, वर हसतही होता. चष्मेवाल्याने नाक मुरडलं.

मग त्याची पाळी आली.

बायकोचे डोळे मधाच्या रंगाचे होते, डाव्या बुबुळात एक काळा ठिपका. जन्मभर लोकांच्या डोळ्यांत बघून पोट भरलेल्या या माणसाने तसे डोळे दुसरे पाहिले नव्हते. शेवटपर्यंत त्यांना चष्मा लागला नाही, याचा त्याला कोण अभिमान! तिचं एवढंच तर त्याच्याजवळ उरलं होतं. ते काय या बटाटेवाल्यांच्या हवाली करायचं?

"चष्मा लावायची," त्याने ठोकून दिलं. "काळी फ्रेम, जाड काचा. डोळे दिसायचेच नाहीत म्हणा ना."

"आंघोळीला जाताना कुठे ठेवायची हो?" शेजारच्या शिंपीणबाईंनी मायेने विचारलं.

"न्हाणीच्या खिडकीत."

शिंपीणबाईंनी डोळे पुसले. नसलेल्या चष्म्यासाठी ही बाई रडते आहे, हे बघून त्याला हसू आवरेना. खडू या हातातून त्या हातात फिरत राहिला. चित्र पुरं झालं तेव्हा मात्र तो बटाटा नव्हता. त्याने न सांगितलेली हनुवटीसुद्धा हुबेहूब उतरली होती.

"आता आम्हीपण ओळखतो त्यांना," नर्सबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर त्याने मुलीला ऐटीत सांगितलं, "चांगलं बनवलं त्या येड्यांना. तुझ्या आईला चष्मा लावून आलो."

मुलगी भाजी चिरत होती. तिने वर पाहिलं. "मग त्यात काय बनवलंत, बाबा? चष्म्याशिवाय आईला कोणी ओळखलं असतं का?"

थट्टा असेल म्हणून तो थांबला. ती पुन्हा भाजी चिरायला लागली.

तो न्हाणीत गेला.

खिडकीत काळ्या फ्रेमचा चष्मा होता. वापरून वापरून काड्यांचा रंग उडालेला. स्क्रूवर लाल रंगाचा ठिपका, तो स्वतः प्रत्येक चष्म्याला देतो तसा.

त्याने कपाटातून अल्बम ओढून काढला. लग्नातला फोटो, मुलीच्या बारशातला, गेल्या वर्षीचा. सगळीकडे ती काळी फ्रेम, आणि काचांवर उजेडाची पांढरी चमक. मागचे डोळे एकाही फोटोत दिसत नव्हते.

असू दे, तो पुटपुटला, मला आठवतात.

त्याने डोळे मिटले.

समोर ती आली, हनुवटीसकट हुबेहूब. काचांवर उजेड पडला होता.