पहिले साठ मीटर

शीतल रडली नाही, याचंच अनिरुद्ध सावंतला जास्त वाईट वाटलं. विक्रोळीत पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर रत्नप्रभाचं डिटेक्टिव्ह ऑफिस. तिथल्या खुर्चीत पोरगी ताठ बसून होती. तिला बळेच आणलं होतं त्यानेच.

खाडीकडच्या नव्या रस्त्यावर तो सुपरवायझर, ती माल तपासणारी. तिथल्या लाल मातीत सिमेंट आणि पाणी मिसळायचं, वरून रोलर फिरवायचा, की मातीच घट्ट होऊन बसते. मार्चअखेर काम सुरू झालं आणि दोन महिन्यांत पहिल्या दिवशीच्या साठ मीटरचा भुगा झाला. पुढचा रस्ता ठणठणीत. शीतलने तर नमुने पक्के असल्याचं लिहून दिलेलं. खोटा रिपोर्ट दिला म्हणून उद्या तिची नोकरी जाणार होती.

रत्नप्रभा अनिरुद्धची शाळेतली मैत्रीण. तिच्या तपासात तो हौसेने हिंडायचा आणि दर वेळी भलत्याच माणसावर संशय घ्यायचा. या वेळी त्याचा डोळा कंत्राटदार केतनवर होता. सिमेंट खाल्लं असणार, दुसरं काय? पण केतनने खुशाल तपासा म्हणून सांगितलं. भुगा तपासला, तर सिमेंट पुरेपूर निघालं. अनिरुद्ध हिरमुसला.

रोलर चालवणाऱ्या राजारामने आठही फेऱ्या मारल्याची शपथ घेतली. "पण त्या दिवशी माती दबतच नव्हती, बाई."

शीतलने सांगितलं, की माल मिसळल्या मिसळल्या, सकाळी सव्वानऊला, तिने नमुने साच्यात ठोकून भरले. मग काय झालं, असं विचारल्यावर ती खाली बघू लागली.

मदत म्हणून अनिरुद्धने मोबाईलवर त्याच दिवशीच्या उद्घाटनाचा फोटो दाखवला. सगळी व्यवस्था त्याचीच, छाती फुगणारच. हार घातलेला रोलर, समोर नारळ फोडणारे पाहुणे. रत्नप्रभा फोटो बराच वेळ बघत राहिली.

संध्याकाळी तिने सगळ्यांना बोलावलं.

"सिमेंट भिजलं की दोनेक तासांत दाबावं लागतं," ती म्हणाली. "शीतलने लगेच दाबलं, म्हणून नमुने पक्के. रिपोर्ट खराच आहे. राजारामचा रोलर फिरला तेव्हा माती घट्ट धरायला लागली होती. तो ते धरलेलंच मोडत गेला."

"उशीर कशावरून?" केतनने विचारलं.

"फोटोत पाहुण्यांची सावली पायाखाली आहे, म्हणजे भर दुपार. आणि रोलरच्या चाकाला मातीचा कण नाही. सव्वानऊपासून तो नुसता उभा होता. का, राजाराम?"

राजाराम चाचरला. "सावंतसाहेबांनी सांगितलेलं, नारळ फुटल्याशिवाय चाक हलवायचं नाही."

अनिरुद्धला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन तासांचा नियम तो तीस वर्षं इतरांना शिकवत आला होता. त्या दिवशी माल मिसळून झाला तरी पाहुणे येईनात, आणि नारळाआधी रोलर फिरवणं त्याच्या जिवावर आलं. वरून पाणी शिंपडलं की भागेल, अशी त्याने मनाची समजूत घातली. नंतर रस्ता उखडला, शीतलवर आळ आला, तरी ती सकाळ त्याने पुन्हा आठवूनच पाहिली नाही. आठवायची नव्हती, हेच खरं.

"तुला ठाऊक होतं ना गं?" रत्नप्रभाने शीतलला विचारलं.

शीतलने होकारार्थी मान हलवली. "सावंतकाकांनीच मला नोकरीला लावलं, मॅडम. मला वाटलं, काका स्वतःच सांगतील. रस्ता उखडल्यापासून रोज वाटायचं."

अनिरुद्धने रत्नप्रभाकडे कागद मागितला आणि उद्याच्या चौकशीसाठी कबुली लिहायला घेतली. शीतल समोरच बसली होती. सही होईपर्यंत एकदाही तिच्याकडे बघायचं त्याचं धाडस झालं नाही.